लाल थेंबाचं गणित

२००९ साली जे. जे. अब्रम्स यांनी 'स्टार ट्रेक' पडद्यावर नव्यानं सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढे एक पेच होता. मूळ मालिका १९६६ची. कर्क आणि स्पॉक यांचं पुढे काय होतं हे जुन्या चाहत्यांना तोंडपाठ. ज्याचं भविष्य ठाऊक आहे, त्याच्या जिवाची काळजी कोण करणार?

यावर काढलेली तोड माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला लगेच पटली. जुना कोड पुसायचा नाही, मागच्या एका बिंदूपासून नवी ब्रँच काढायची. नीरो नावाचा रोम्युलन भविष्यातून २२३३ सालात येतो, कर्कचे वडील ज्या जहाजावर आहेत ते उद्ध्वस्त करतो आणि तिथून इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. जुन्या गोष्टी जुन्या ब्रँचवर सुखरूप, नव्या ब्रँचवर कुणीही मरू शकतं.

आता विज्ञान. इथे मात्र हसूच येतं. सिनेमात एका ताऱ्याचा स्फोट होतो आणि त्यामुळे म्हणे अख्खी आकाशगंगा धोक्यात येते. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि तिच्यात असे स्फोट अधूनमधून होतच असतात. शिवाय स्फोटाची बातमीसुद्धा प्रकाशापेक्षा वेगानं पोचत नाही. आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. तेवढ्या अंतरावर असा स्फोट झाला तर घातक किरण यायला चार वर्षं लागतील. सेकंदाला १०,००० किलोमीटर वेगानं उधळलेला मलबा यायला सव्वाशे वर्षं. रोम्युलसच्या लोकांना घरदार विकून, नातवंडांची लग्नं लावून निघता आलं असतं! (२०२०च्या 'पिकार्ड' मालिकेत ही चूक गुपचूप सावरली आहे. तिथे फुटतो तो रोम्युलसचा स्वतःचाच सूर्य.)

मग ते 'लाल द्रव्य'. एक थेंब टाकला की कृष्णविवर तयार. पण कृष्णविवर काही जादूचा व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. त्याची ओढ त्याच्या वस्तुमानाइतकीच. सूर्य दाबून कृष्णविवर केला तर तो ३ किलोमीटर त्रिज्येचा होईल, आपण थंडीनं गोठू, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अख्खी पृथ्वी दाबली तर बोराएवढी होईल. थेंबभर द्रव्यात एवढं वस्तुमान आलं कुठून? आणि समजा आलं, तरी ताऱ्यातून आधीच निघून गेलेला प्रकाश मागे कसा ओढणार?

आपल्या मराठीत हा विषय फार आधी नीट हाताळला गेलाय. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं कथा पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव होतं 'कृष्णविवर'. घरातल्या मुलांनी जरूर मिळवून वाचावी.

तरीही हा सिनेमा मला आवडतो, आणि त्याचं कारण ट्रान्सपोर्टर. माणसाला इथे विरघळवून तिथे उभं करणारं हे यंत्र मूळ मालिकेत आलं ते काटकसरीपायी. दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. खऱ्या विज्ञानात ते बसत नाही, पण त्याला कथेतले नियम आहेत. कर्क आणि सुलू आकाशातून कोसळत असतात, तेव्हा चेकॉव्ह धावत जाऊन यंत्राचा ताबा घेतो आणि पडत्या माणसांवर नेम धरून त्यांना जेमतेम वर खेचतो. आपण टाळ्या वाजवतो. थोड्याच वेळात स्पॉक आईला घेऊन व्हल्कनवरच्या कड्यावर उभा असतो. यंत्र सुरू होतं, तिच्या पायाखालचा कडा सुटतो, आणि या वेळी चेकॉव्हला जमत नाही. स्पॉक जहाजावर पोचतो तो रिकामा हात पुढे करून. मर्यादा आधी दाखवली होती म्हणूनच ते दुःख खरं वाटतं.

२०१३च्या 'इन्टू डार्कनेस'वर माझा राग आहे तो यामुळेच. खान पृथ्वीवरून थेट क्लिंगॉन लोकांच्या क्रोनोस ग्रहावर ट्रान्सपोर्ट होतो. हे शक्य असेल तर जहाजं बांधायचीच कशाला? (आधीच्या सिनेमात निदान स्कॉटी चुकून पाण्याच्या नळात अडकला होता, काहीतरी किंमत होती.) पुढे कर्क मरतो आणि खानच्या रक्तानं जिवंत होतो. म्हणजे मरणावर औषध सापडलं! पण २०१६च्या 'बियॉन्ड'मध्ये हे औषध कुणाला आठवतच नाही. घाईत टाकलेला पॅच पुढच्या रिलीजमध्ये कुणीतरी हळूच काढून टाकावा, तसं. लाल द्रव्य मी चालवून घेतलं, पण हे नाही. लाल द्रव्यानं गोष्ट सुरू होते, रक्तानं गोष्टीतली भीतीच संपते.

सुट्टीत मुलांबरोबर २००९चा सिनेमा पाहणार असाल तर पहिली दहा मिनिटं आवाज मोठा ठेवा. जहाजाला भगदाड पडतं, एक कर्मचारी बाहेर अवकाशात फेकली जाते आणि तिच्याबरोबर सगळे धमाके, किंकाळ्या एकदम बंद होतात. हवा नाही, म्हणून आवाज नाही.