क्राऊन-पिनियन कोणासाठी?

होस्टेलवर जीपचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "क्राऊन-पिनियन बदल, मग बघ पिकअप!" खरंय. समजा ३.७३ च्या जागी ४.१० रेशो टाकला, तर चाकाला टॉर्क सुमारे १० टक्के जास्त मिळतो. पण गिअर पॉवर तयार करत नाही. त्याच वेगाला इंजिनही १० टक्के जास्त फिरतं. आवाज वाढतो, डिझेलही!

ड्रॅग रेस पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झाल्या, तिथे हा सौदा परवडतो. आपल्या नीरा-बारामती रस्त्यावर गाळप हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांनाही टॉर्कच हवा, पण ओझ्यासाठी, शर्यतीसाठी नव्हे!

माझं मत स्पष्ट आहे: गाडी रोज जिथे चालते, त्या रस्त्याचा रेशो निवडा. मोठे टायर टाकले असतील तर ४.१० जरूर घ्या, गेलेलं पिकअप परत मिळेल. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा अ‍ॅक्सलही बदलावा लागेल, म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून आधी कॅल्क्युलेटर, मग गॅरेज. काही सेकंदांच्या थरारासाठी आठवडाभर इंजिनाला कशाला ओरडायला लावायचं?