खानदेशाचा समुद्र

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्याच सुमारास अमळनेरातल्या कितीतरी घरांत गोव्याच्या रिसॉर्टचं बुकिंग चाललेलं असतं. 1945 साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढणाऱ्या कंपनीचे, म्हणजे आजच्या विप्रोचे, शेअर ज्यांनी जपून ठेवले त्यांना खर्चाची फिकीर नाही. बाकीचे हप्त्यांवर जातात. जाऊ देत, नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही.

खरं तर बोरीचं पाणी तापीतून सुरतेच्या समुद्राला मिळतं, रेल्वेही तिकडेच जाते. पण आपल्याला समुद्र हवा असतो तो गोव्याचाच.

तिथला आग्वाद किल्ला पोर्तुगीजांनी 1612 मध्ये पुरा केला. त्याच्या पोटातल्या प्रचंड टाक्यातून जहाजं गोडं पाणी भरून घेत. 1974 मध्ये त्याच्या तटाशी ताजचं हॉटेल उभं राहिलं. समुद्राच्या काठालाच पोहण्याचा आणखी एक तलाव कशाला, हे उन्हाळाभर टँकरची वाट पाहिलेल्या आजीला कोणी पटवून द्यावं? सकाळच्या बुफेवर ती नुसती नजर फिरवते आणि खोलीत येऊन दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोडते. थोड्याच वेळात सूनबाई, नातवंडं, इतकंच काय, डाएटवाले चिरंजीवही पांढऱ्याशुभ्र चादरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलेले असतात.

या अंकात दर, हंगाम, प्रवास असे सगळे हिशेब आहेत. आमच्याकडून एकच भर: खोली तळमजल्यावरची मागा, आणि ती बुकिंग करतानाच.