दुसऱ्या डोसची वही

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये रोज रात्री महाराष्ट्राचं कोरोना बुलेटिन व्हॉट्सॲपवर येऊन पडायचं आणि आपल्या डॉक्टरांपैकी बरेच जण जेवणाचं ताट समोर असतानाच ते उघडायचे. १८ एप्रिलला त्यात ६८,६३१ नवे रुग्ण आणि ५०३ मृत्यू होते. मेच्या मध्यावर नवे रुग्ण चाळीस हजारांच्या आसपास आले आणि ‘पीक गेला’ असं बोललं जाऊ लागलं. आमचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मुंबई उतरत होती, तिच्या जोरावर राज्याचा आकडा उतरत होता. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या सहकाऱ्यांचे फोन वेगळंच सांगत होते.

बुलेटिनमध्ये मृत्यूंच्या आकड्याखालचा बारीक मजकूर जरूर वाचावा असा होता. त्या दिवशी नोंदलेल्यांपैकी गेल्या ४८ तासांतले किती, आठवडाभरातले किती, त्याआधीचे किती, हे तिथे दिलेलं असायचं. म्हणजे ‘आजचे मृत्यू’ सगळे त्याच दिवसाचे नसायचे. कागद त्या दिवशी पोहोचलेला असायचा. रुग्णसंख्येचंही तसंच. ताप आला की माणूस दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढायचा, तिसऱ्या दिवशी स्वॅब, रिपोर्टला आणखी दोन दिवस. आकडा मुंबईला पोहोचेपर्यंत घरातले चौघे खोकत असायचे. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळला घरंच्या घरं पॉझिटिव्ह येत होती, तेव्हा उरलेला महाराष्ट्र लग्नाचे हॉल बुक करत होता. साथ आधी आपल्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसते, बुलेटिनमध्ये नंतर.

लसीचा आकडा याहून फसवा. ११ एप्रिलला एक कोटी डोस, २६ एप्रिलला दीड कोटी. एक कोटीला पोहोचणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. कौतुक आहेच. पण पंधरा दिवसांत ५० लाख म्हणजे दिवसाला सव्वातीन लाखांच्या थोडं वर. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे १८ ते ४४ वयाचे ५ कोटी ७१ लाख लोक आणि त्यांना लागणारे डोस १२ कोटी. बाकी कुणालाही एक थेंब न देता, त्या वेगाने, त्यांनाच वर्ष लागलं असतं. १ मेला सुरू झालेली त्यांची मोहीम दोन आठवड्यांच्या आत थांबली. त्यांच्यासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन लस ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावी लागली.

टोचणारे हात कमी नव्हते. २६ एप्रिलला एका दिवसात पाच लाखांवर डोस दिले गेले. कमी पडली ती लस. केंद्र सरकारने जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला कोविशिल्ड लसीसाठी दिलेली पहिली ऑर्डर १ कोटी १० लाख डोसची होती, अख्ख्या देशासाठी. तेवढे डोस एप्रिलच्या मध्यापर्यंत एकट्या महाराष्ट्राने संपवले. ७ एप्रिलला राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी तीन दिवसांचा साठा उरल्याचं सांगितलं, तर दिल्लीने राज्याच्याच कारभारावर बोट ठेवलं. ज्या पुण्यात कोविशिल्ड बनत होती तिथल्याच लसीकरण केंद्रांवर ‘लस शिल्लक नाही’चे कागद लागले.

हे सगळं खरं असलं तरी जानेवारी आपण विसरू नये. १६ तारखेला लस आधी आपल्याला देऊ केली होती. केंद्रावरच्या सिस्टर बाटली फोडायला दहा माणसं जमण्याची वाट बघत बसायच्या, कारण एकदा फोडली की चार तासांत दहाही डोस संपायला हवेत. तेव्हा आपल्यातलेच कित्येक जण ‘बघू, जरा थांबू’ म्हणत होते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष आले नव्हते, शंका रास्त होती. पण कोविशिल्डच्या केंद्रांवरही खुर्च्या रिकाम्या राहिल्याच. मार्चमध्ये पेशंटने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही घेतली का?’ तेव्हा किती जणांना लगेच ‘हो’ म्हणता आलं? लोकांच्या मनातली भीती काढायला जे दोन महिने हातात होते, त्यातला बराच काळ असा गेला.

त्या मे महिन्यात एका तालुक्याच्या केंद्रावर जाणं झालं. पहाटे पाचला रांगेत माणसांआधी चपला होत्या. नऊच्या सुमाराला शहराच्या नंबरप्लेटच्या चार गाड्या आल्या. मोबाइलवर स्लॉट मिळालेली तरुण मंडळी. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण पारावर बसलेल्या आजींना दुसरा डोस हवा होता आणि कोणती लस घेतली होती ते आठवत नव्हतं. ‘पांढऱ्या बाटलीतली,’ त्या म्हणाल्या.

त्यात १३ मेला कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आधी चार, मग सहा ते आठ, शेवटी हे. ५ मार्चला पहिला डोस घेतलेल्याची तारीख दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली. कोव्हॅक्सिनचं अंतर मात्र चार ते सहा आठवडेच होतं, आणि नेमकं हेच पेशंट ऐकत नव्हते. शेजारच्याला सांगितलेली तारीख स्वतःची समजायचे.

म्हणून आम्ही तेव्हा डॉक्टरांना एक साधा तक्ता सुचवला होता: एक शंभर पानी वही घ्या. आपल्या नेहमीच्या पेशंटपैकी ४५ वर्षांवरचे सगळे त्यात लिहा: नाव, मधुमेह किंवा रक्तदाब, कोणती लस, पहिल्याची तारीख, दुसऱ्याची तारीख पेन्सिलीने. एकही डोस न घेतलेल्यांच्या नावापुढे कारण लिहा, त्यांच्याच शब्दांत. ‘घाबरतात’ आणि ‘नेणारं कुणी नाही’ ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्याला आपण समजावू शकतो, दुसऱ्याला रिक्षा लागते. कंपाउंडरने रोज पाच फोन केले तरी महिन्यात सव्वाशे घरं होतात.

शेवटचा रकाना पहिल्या खेपेला आमच्याकडूनही राहून गेला होता: लसीची नोंदणी कुणाच्या मोबाइलवर झाली. एका नंबरवर तेव्हा चौघांची नावं घालता येत होती, त्यामुळे कितीतरी म्हाताऱ्यांची नोंद पुतण्याच्या, दुकानदाराच्या, ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या फोनवर होती. ओटीपी तिकडे वाजायचा. तो नंबर शाईने लिहा.