टोकन नंबर सत्तेचाळीस

परवा बोरिवलीला घरी पोचतो तो दारातच सौ. कडाडली, "अहो, तुमचा तो डबा सकाळपासून घुमतोय. आत विमान उतरवताय की काय?"

डबा म्हणजे माझा जुना लिनक्सवाला संगणक. सकाळी लोकलमधून, मोबाइलवरून त्याला जोडून एका जुनाट लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मी लेख खरडत होतो. जोगेश्वरीला लाइन तुटली. मी बँकेत जाऊन लेख विसरलो. प्रोग्रॅम विसरला नव्हता.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, बटण दाबून धरा आणि परत चालू करा."

या 'परत चालू करा' संप्रदायाशी माझं कायमचं भांडण आहे. रोगी तापला म्हणून त्याचा गळा दाबायचा? अहो, आधी नाडी तर बघा!

मी 'टॉप' लावून पाहिलं. एकटा हा प्रोग्रॅम प्रोसेसरचा 99 टक्के वेळ खात होता. 'पीएस'च्या यादीत त्याच्या टर्मिनलच्या रकान्यात चक्क प्रश्नचिन्ह! म्हणजे मालक बेपत्ता.

एरवी असा प्रोग्रॅम पुढचं अक्षर येईपर्यंत झोपतो. वाट बघायला काही खर्च येत नाही. पण टर्मिनलच गेलं की यंत्रणा तत्काळ सांगते, "संपलं." हा शहाणा समजतो, "अजून काही आलं नाही," आणि पुन्हा विचारतो. सेकंदाला लाखो वेळा! आमचा कॅशियर "टोकन सत्तेचाळीस" असं तीनदा ओरडतो, गिऱ्हाईक नसलं की अठ्ठेचाळीस पुकारतो. त्याला कुणी इंजिनीअर म्हणत नाही.

लाइन तुटल्यावर यंत्रणा 1 नंबरचा इशारा धाडते. नाव 'हँगअप', टेलिफोनचा रिसीव्हर ठेवण्याच्या जमान्यातलं. बिल जॉयच्या सत्तरच्या दशकातल्या 'व्हीआय'मध्येही अशा वेळी मजकूर जपून ठेवायची सोय होती. आमच्या बहाद्दराने तो इशारा कानाआड केला. मी 1 पुन्हा पाठवला, ढिम्म. मग 15, म्हणजे 'कृपया आवरा'. त्याने लेख बाजूच्या फायलीत ठेवला आणि प्राण सोडला. थेट 9 धाडला असता, किंवा चिरंजीवांचं बटण दाबलं असतं, तर लेखासकट गेला असता. आणि दोष कुठे होता ते न कळता उद्या जोगेश्वरीला पुन्हा तेच.

हाका मारत राहणं म्हणजे काम नव्हे. ओ देणारा आहे की गेला, हे बघणं काम!

हे सगळं सौ.ने शांतपणे ऐकलं. "मग दळण आणा म्हणून मी तीनदा सांगितलं, तेव्हा ओ आली नाही. आता 15 पाठवू, की थेट 9?"

मी डबा घेऊन उठलो. पिठाचा.