दोष सिद्ध झाला म्हणजे शिक्षा ठरली, असे नव्हे

खुनाची दोषसिद्धी अपिलात कायम झाल्यावर शिक्षेवर पुन्हा सुनावणी मागणे हा निव्वळ वेळकाढूपणा आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. खून सिद्ध झाला, आता ऐकायचे काय उरले? खटले लांबतात, मृतांच्या नातेवाइकांचे हाल होतात. दाखला म्हणून परभणी जिल्ह्यातील मानवत खून खटला पुढे केला जातो.

पहिला मुद्दा मुळातच खोटा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 302 मध्ये शिक्षा दोन होत्या, जन्मठेप आणि फाशी. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्येही त्या दोन्ही आहेत. त्यांपैकी कोणती द्यायची, हे दोषसिद्धीने ठरत नाही. 1955 च्या दुरुस्तीपूर्वी फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला कारणे लिहावी लागत. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटे केले. फाशी द्यायची तर विशेष कारणे नोंदवणे आणि कोणत्याही शिक्षेपूर्वी दोषीचे ऐकून घेणे बंधनकारक झाले. दोष पुराव्यावर ठरतो. शिक्षेसाठी वय, घरची स्थिती, मानसिक आरोग्य, सुधारण्याची शक्यता तपासावी लागते, आणि ही माहिती दोषाच्या सुनावणीत सहसा येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बचनसिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायला सांगितले, ते याचसाठी. सुनावणीने शिक्षा माफ होत नाही.

मानवतचा दाखला तर विरोधकांवरच उलटतो. 1972 ते 1974 दरम्यान तेथे लहान मुली व स्त्रियांचे निर्घृण खून झाले. या खटल्याच्या 1977 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. य. वि. चंद्रचूड यांनी स्पष्ट केले की, शिक्षेबाबतची संधी खरी व परिणामकारक हवी. दोषीला प्रतिज्ञापत्राद्वारेही माहिती मांडता यावी. खालच्या न्यायालयात ती संधी हुकली, तर वरच्या न्यायालयाने स्वतः ऐकावे. खटला परत पाठवणे हा अपवाद राहावा. विलंबाच्या आक्षेपाला उत्तर तेव्हाच मिळाले.

नातेवाइकांचे दुःख खरे आहे. अपुऱ्या माहितीवरची शिक्षा ते हलके करत नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच 2022 च्या मनोज निकालाने मानसिक मूल्यमापन आणि तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवण्याची पद्धत घालून दिली. नागपूरच्या 2008 मधील खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षेचा प्रश्न नव्या सुनावणीसाठी खुला केला. परभणीसह प्रत्येक सत्र न्यायालयात ही माहिती पहिल्याच वेळी गोळा व्हावी. जिथे ती झाली नाही, तिथे फेरसुनावणी हा दोषीचा हक्क आहे.