साठीनंतरचा मोगरा



साठी उलटलेल्या, त्यातून नवरा गेलेल्या बाईने अंगाला सुवास लावावा का? आपल्या घरांत हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण उत्तर सगळ्यांनी ठरवलेलं असतं. माझं उत्तर वेगळं आहे, म्हणून लिहितेय.

यांना जाऊन चार वर्षं झाली. गजरा तेव्हाच सुटला. गेल्या चैत्रात सुनेने मोगऱ्याच्या सेंटची बाटली आणून दिली. सकाळची कामं आवरली की मनगटावर एक फवारा मारते. पहिली दोन मिनिटं नुसतं स्पिरिट नाकात जातं, तेव्हा हुंगू नये. मग कच्च्या कळीसारखा हिरवट वास येतो आणि अर्ध्या तासाने मोगरा उमलतो. सुती साडीच्या पदराला तो संध्याकाळपर्यंत राहतो. गजऱ्याचा भरगच्चपणा त्यात नाही. खऱ्या मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं, त्याने वासाला जडपणा येतो. तो माझ्या बाटलीत जाणवत नाही. पण दुपारी भाजी निवडताना मधेच वास आला की बरं वाटतं, एवढं खरं.

नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आता कुणासाठी?"
मी म्हटलं, "वन्सं, नाक माझंच आहे ना!"

त्यांचा दुसरा आक्षेप धर्माचा होता, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. घ्राणेंद्रियाच्या आसक्तीसाठी कमळात अडकलेल्या भुंग्याचा दाखला आपण प्रवचनात ऐकतोच. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत बघा. भोजन, वाहन, स्नान, तांबूल, दागिने यांच्या रांगेतच अंगराग आणि फुलं येतात. दिवस, रात्र, पंधरवडा, महिना अशी मुदत घालून त्यांचा नियम करायचा असतो. त्या यादीत सवाष्ण आणि विधवा असे दोन रकाने नाहीत.

आता हिंसेचा हिशोब. अत्तर म्हणजे शुद्ध आणि सेंट म्हणजे अशुद्ध असं आपण सहज म्हणतो. कनौजला तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते. थोड्याशा अत्तराला ढीगभर ताजी फुलं लागतात, आणि फूल वनस्पतिकाय जीवच. प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधाला फुलं लागत नाहीत. त्यात अल्कोहोल असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी तेलातला सुगंध घ्यावा. कस्तुरी मात्र पूर्ण वर्ज्य. ती नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते आणि तिच्यासाठी हरणं मारली गेली. आज 'मस्क' लिहिलेलं बहुतेक कृत्रिम असतं, तरी विचारून घ्यावं.

कॉमर्सवालीचा हिशोबही सांगते. 50 मिलीच्या बाटलीत साधारण 500 फवारे निघतात. बाटली 1,500 रुपयांची धरली तर फवारा पडला 3 रुपयांना. गजरा एवढ्यात येत नाही.

माझा नियम असा: दिवसाला एकच फवारा, बाटली एकच, ती संपल्याशिवाय दुसरी नाही. अष्टमी, चतुर्दशी आणि दशलक्षणाचे दहा दिवस बंद. पूजेला, सामायिकाला आणि आहारदानाच्या दिवशीही नाही. बंद जागेत शेजारणीला वासाचा त्रास होतो, म्हणून प्रवचनालाही नाही.

भाद्रपद शुद्ध दशमीला, सुगंधदशमीला, आपण धूप वाहतो आणि कथा ऐकतो. त्या कथेतल्या बाईच्या अंगाला आलेला दुर्गंध मुनींना कडू आहार दिल्याच्या पापाचा होता, वैधव्याचा नव्हता. खरा सुगंध आचरणाचा, हे मलाही मान्य आहे.

म्हणूनच माझं मत असं की सुवास सोडायचा तर बाईने स्वतः नियम घेऊन सोडावा. तो त्याग आहे, त्याचं पुण्य तिचं. चार जणी काय म्हणतील या धाकाने सोडला, तर तो त्याग नव्हे. मनात हवंसं वाटतच राहतं, आणि पुढे आपणच सुनेला तेच ऐकवतो. आपल्या ओळखीत कुणी नुकतीच एकटी झाली असेल, तर तिचा गजरा, तिचं अत्तर आपण बंद करू नये. ठरवू दे तिचं तिला.