सरदार लहान का राहिला?

राधानगरीला माझ्या आत्याच्या घरी धान्याचे आणि खतांचे दुकान आहे. मागे गोदाम, त्यापलीकडे दाजीपूरच्या रानाकडे जाणारा रस्ता आणि पावसाळ्याचे चार महिने अखंड धार. गोदामाला राखण हवी म्हणून आत्याच्या यजमानांनी, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, तीन वर्षांपूर्वी अल्सेशियन जातीचे एक पिल्लू विकत आणले. व्यापारी माणसाच्या रीतीने त्यांनी माल पारखून घेतला होता. पिल्लाचे आईबाप प्रत्यक्ष पाहिले. दोघेही उंच, धष्टपुष्ट, कान ताठ. पिल्लूही गुटगुटीत होते. नाव ठेवले सरदार.

दोन-तीन महिन्यांनंतर सरदारची वाढ थांबली. सहा महिन्यांचा झाला तरी तो मांजराहून थोडाच मोठा दिसे. पिल्लांचे असतात तसे लोकरीसारखे मऊ केस अंगावर तसेच राहिले, तोंड कोल्ह्यासारखे निमुळते झाले, भुंकणे मात्र बारीक आवाजातच. पुढे मानेवरचे आणि कुशीवरचे केस झडू लागले व खालची कातडी काळवंडली.

शेजाऱ्यांनी निदान करून टाकले : "दूध-भाकरीवर अल्सेशियन कुठे वाढतो? तुमच्या घरी अंडे नाही, मांस नाही, मग दुसरे काय होणार?" हे बोलणे आत्याच्या जिव्हारी लागले. आपल्या नेमापायी मुक्या जिवाची आबाळ झाली, या विचाराने ती कित्येक रात्री झोपली नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कुत्रा असेल आणि असा टोमणा त्यांनीही ऐकला असेल. म्हणून हा मजकूर सविस्तर लिहीत आहे. अपुऱ्या आहाराने वाढ खुंटू शकते, हे खरे. शाकाहारी घरातील कुत्र्याला नुसत्या दूध-भाकरीवर न ठेवता पशुवैद्याच्या सल्ल्याने सकस आहार दिला पाहिजे, हेही खरे. परंतु सरदारचे दुखणे ताटातून आलेले नव्हते. ते जन्माबरोबर आले होते.

मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची एक लहानशी ग्रंथी असते. वाढीचे संप्रेरक तीच निर्माण करते आणि थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरकही तिचेच. अल्सेशियनच्या काही वंशांत एका जनुकात दोष असतो, त्यामुळे ही ग्रंथी नीट घडतच नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली हा दोष नेमका कोठे आहे ते प्रसिद्ध केले. तेव्हापासून रक्ताच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून तो ओळखता येतो. सरदारचा नमुना पशुवैद्यांनी तपासून घेतला आणि निदान पक्के झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हा दोष एकाच पालकाकडून आला तर कुत्रा आयुष्यभर निरोगी राहतो; तो केवळ वाहक असतो. दोन्ही पालकांकडून आला तरच पिल्लू खुजे होते. दोन पेढ्यांचे ताळेबंद स्वच्छ दिसावेत, पण दोन्हीकडे एकच जुने देणे नोंदवायचे राहून गेलेले असावे, तसा हा प्रकार आहे. दोन वाहकांचा संयोग झाला की प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत चारात एक शक्यता खुजेपणाची, दोन वाहक होण्याची आणि एक पूर्ण निर्दोष असण्याची. शिवाय बाधित पिल्लांपैकी काही जन्मापूर्वी किंवा जन्मताच दगावतात, त्यामुळे पैदास करणाऱ्यालाही शंका येत नाही.

ही जात मुळात थोड्या पूर्वजांपासून घडली. 1899 साली जर्मनीत माक्स फॉन स्टेफानित्स यांनी तिची संस्था स्थापन केली आणि होरांड नावाच्या कुत्र्याची पहिली नोंद केली; त्यानंतर इष्ट रूप टिकवण्यासाठी जवळच्या नात्यांतच संयोग घडवले गेले. रूप टिकले, तसे दोषही टिकले. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याला ही कुलीनता नाही, हे त्याचे भाग्यच म्हणायचे.

आपल्याकडे 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नियम चांगला आहे. पण हा खुजेपणा लक्षात येतो तो साधारण त्यानंतरच. म्हणजे पिल्लू डोळ्यांनी पारखून उपयोग नाही आणि आईबाप पाहूनही नाही. जनुकतपासणीचा कागद मागणे एवढाच उपाय ग्राहकाच्या हाती उरतो. दोन्ही पालकांपैकी एक जरी निर्दोष निघाला तरी खुजे पिल्लू जन्मत नाही. वाहक कुत्र्याला टाकून देण्याचेही कारण नाही, त्याचा जोडीदार तपासलेला असला म्हणजे झाले. ज्या मालाचा दाखला ग्राहक मागत नाही, त्याचा दाखला कोणी काढून ठेवत नाही, हे बाजारात बसणाऱ्यांना मी काय सांगावे?

उपचार आहेत, पण अपुरे. थायरॉईडची गोळी रोज द्यावी लागते. कुत्र्याच्या वाढीचे संप्रेरक बाजारात मिळत नाही. डुकराचे चालते, पण ते मिळवणे अवघड. उपचाराविना अशी कुत्री बहुधा चार-पाच वर्षांपलीकडे जगत नाहीत, अखेरीस मूत्रपिंडे साथ सोडतात. सरदारला रोज सकाळी गोळी मिळते. पावसाळ्यात आत्या त्याला जुन्या वाकळेचे शिवलेले अंगरखे घालते, आणि गोदामाची राखण आता कुलूप करते.

विक्रेत्याने पिल्लू बदलून देण्याची तयारी दाखवली होती. आत्याने नकार दिला. मामांनी मात्र त्याला दुसरेच मागितले. सरदार खुजा, त्याअर्थी त्याचे आईबाप दोघेही वाहक, यासाठी वेगळी तपासणी नको; तेव्हा ती जोडी पुन्हा एकत्र आणू नका आणि सरदारची भावंडे कोणाकडे गेली ते सांगा. निरोगी दिसणाऱ्या त्या भावंडांत तिघांमागे दोघे वाहक असण्याचा संभव. विक्रेता आधी रागावला, "माझ्या जोडीत खोट नाही" म्हणाला. महिन्याभराने त्याने पाच खरेदीदारांपैकी दोघांचे पत्ते दिले. मामांनी ते दुकानाच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. एकाला ते भेटून आले. गारगोटीच्या त्या घरात सरदारची बहीण गाभण होती. उरलेल्या तिघांच्या पत्त्यांसाठी मामा दर आठवड्याला फोन करतात.